सोलापुरात ट्यूलिप? आधी कांद्याचे डेंगळे आठवा

मार्च संपत आला की मोबाइलवर श्रीनगरचे फोटो यायला लागतात. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवरासमोर, ट्यूलिपचे लाल-पिवळे पट्टे. २००७ साली सुरू झालेली ही बाग आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. अलीकडं दिल्लीतही शांतिपथाच्या कडेला फेब्रुवारीत ट्यूलिप दिसतात. मग कुणीतरी विचारतंच, "दिल्लीत होतात, तर आपल्याकडं का नाही? दिल्लीचा उन्हाळा काय कमी आहे का?"

प्रश्न चुकीचा नाही. मीही हाच विचार करून एका नोव्हेंबरात ट्यूलिपचे दहा कांदे मागवले आणि आल्या दिवशीच कुंडीत पुरले. चार कुजले. सहांना पानं आली. त्यातल्या दोघांना फुलंही आली, पण दांडा असा नव्हताच. मातीला टेकलेलं फूल, त्याच्या दोन्ही बाजूंना पानं. बघणाऱ्यानं विचारलं, "हे कोबीचं कुठलं वाण?"

माती, खत, पाणी सगळं ठीक होतं. चुकलं होतं ते वेगळंच, आणि ते समजून घ्यायला हॉलंडला जायची गरज नाही. सोलापूरच्या बाजार समितीत ज्यानं कांदा विकलाय, त्याला अर्धी गोष्ट आधीच माहीत आहे.

कांद्याच्या पोटात काय असतं

आपला भाजीचा कांदा उभा चिरून बघा. खाली मुळ्या फुटतात ती टणक चकती म्हणजे त्याचं खोड. वरचे सगळे पापुद्रे म्हणजे पानं, फक्त जाड झालेली आणि अन्न साठवलेली. म्हणजे कांदा हे अख्खं झाड आहे, आखडून बसलेलं, जवळ शिदोरी घेऊन. ट्यूलिप, नरगिस, हायसिंथ यांचे कांदेही याच घडणीचे. बाजारात त्यांना 'बल्ब' म्हणतात. मी कांदाच म्हणतो.

फरक आहे तो पुढं. ट्यूलिपचा चांगला पोसलेला कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उभा चिरला तर मधोमध एक इवलंसं फूल दिसतं. पाकळ्या, पुंकेसर, सगळं जागच्या जागी. फूल आधीच तयार असतं. मागावर ताणा भरून ठेवलाय, बाणा बॉबिनवर गुंडाळून तयार आहे, आणि कारखाना बंद आहे, तसं.

तो चालू कशानं होतो? थंडीनं.

हे उलटं वाटतं, कारण आपल्याकडं बी रुजायला ऊब आणि पाऊस लागतो. पण ट्यूलिपचं मूळ घर आहे मध्य आशियातल्या डोंगरांत, पामीर आणि तिएनशानच्या बाजूला. तिथं उन्हाळा कोरडा, हिवाळ्यात बर्फ, आणि मध्ये वसंताचे मोजके ओले आठवडे. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाची शिदोरी भरून परत जमिनीत जायचं. अशा ठिकाणी ऑक्टोबरातल्या चार उबदार दिवसांना भुलून जो कांदा उगवला, तो डिसेंबरच्या बर्फात मेला. जे टिकले त्यांनी एक नियम पाळला: लांबलचक थंडी अनुभवल्याशिवाय डोकं वर काढायचं नाही.

डेंगळे: आपल्या शेतातला तोच नियम

कांदा उत्पादकाला जोड कांदा आणि डेंगळे या दोन गोष्टींचा राग येतो. डेंगळा म्हणजे कांदा पोसायच्या ऐवजी मधूनच फुलाचा दांडा निघणं. असा कांदा टिकत नाही, मधला दांडा कडक होतो, आणि व्यापारी भाव पाडतो.

डेंगळे का येतात? कांदा हे मुळात दोन हंगामांचं पीक. पहिल्या हंगामात कांदा पोसायचा, दुसऱ्यात फुलून बी धरायचं. मधला हिवाळा ही दोन्हींमधली खूण. रोप पुरेसं मोठं झालेलं असताना थंडीचा मुक्काम लांबला, तर त्याला वाटतं की हिवाळा होऊन गेला, आता फुलायला हरकत नाही. ज्याला बी तयार करायचं असतं तो शेतकरी मात्र हीच थंडी मुद्दाम गाठतो. निवडक मातृकांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतो, म्हणजे हिवाळ्यात त्यांना दांडे फुटतात आणि वर पांढरे गोंडे येतात.

थंडीचा काळ गेल्याशिवाय फुलायचं नाही, या वनस्पतींच्या सवयीला शास्त्रात वासंतीकरण म्हणतात. युरोपात थंडीआधी पेरतात त्या गव्हालाही ते लागतं. आपल्या रब्बीच्या गव्हाला लागत नाही, म्हणून आपलं बरं चाललंय.

एक बारकावा इथंच सांगायला हवा, नाहीतर जाणकार माणूस मला पकडेल. भाजीच्या कांद्याला थंडी लागते ती फूल *घडवायला*. ट्यूलिपचं फूल आधीच घडलेलं असतं. त्याला थंडी लागते ती दांडा लांबवायला. थंडीत कांद्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होते, वाढीच्या रसायनांचा तोल बदलतो, आणि मग ऊब मिळाली की दांड्याच्या पेशी पाणी ओढून ताणल्या जातात. माझ्या कोबीसारख्या ट्यूलिपचं कोडं इथं सुटतं. फूल होतंच. दांड्याला वर ढकलायची परवानगी मिळाली नव्हती.

किती थंडी, आणि आपल्याकडं ती आहे का

ट्यूलिपला साधारण ४ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये १२ ते १६ आठवडे काढावे लागतात. हायसिंथचं थोडं कमी वेळात भागतं. एखादी कडाक्याची रात्र इथं कामाची नाही. हे लोणचं मुरण्यासारखं आहे. बरणी एका दिवसात कितीही उन्हात ठेवा, कैरी आज मुरत नाही.

आता सोलापूर बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्री १५-१६ अंश आणि दुपारी ३० च्या आसपास. एखादी लाट आली तर पारा दहाच्या जवळ जातो. मग आपण कपाटातली चादर काढतो, सकाळी चहाच्या गाड्यावर त्याचीच चर्चा करतो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पंखा लावतो. ट्यूलिपच्या वहीत याची नोंद शून्य.

"मग महाबळेश्वरला होतील की!" तिथंही सरासरी हिवाळी रात्र एवढी थंड नसते. 'थंड हवेचं ठिकाण' हे माणसाच्या मापानं ठरलेलं आहे.

मग दिल्लीत कसे फुलतात?

कारण दिल्लीतले कांदे थंडी घेऊन येतात. ते शीतगृहात मुरवून, मग डिसेंबरच्या सुमारास जमिनीत लावतात. दिल्लीची थंडी हिशोब पुरा करत नाही. ती फक्त मुरलेल्या कांद्याला शांतपणे वाढू देते. तेवढी मात्र दिल्लीत भरपूर आहे, आणि आपल्याकडं जेमतेम.

म्हणजे प्रश्नाचे दोन भाग झाले. पहिला, कांद्याला तीन-साडेतीन महिने थंडी कुठं द्यायची? दुसरा, त्यानंतरचे चार-पाच आठवडे त्याला सोलापूरच्या उन्हापासून कसं सांभाळायचं? पहिल्याचं उत्तर स्वयंपाकघरात उभं आहे.

फ्रीजमध्ये, पण चिकूशेजारी नको

फ्रीजचा भाजीचा कप्पा बहुधा ५ ते ८ अंशांच्या आसपास असतो. अगदी हवी ती थंडी. कांदे कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकची बांधलेली पिशवी नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. दर पंधरवड्याला हात फिरवून बघायचं. सालीवर थोडी निळसर भुकटी असेल तर पुसून टाका. कांदा मऊ लागला तर फेकून द्या, बाकीचे वाचतील.

खरा घात करतात ती फळं. आंब्याची अढी कशी लागते ते आठवा. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, त्यानं शेजारचं फळ पिकतं, ते आणखी वायू सोडतं, आणि अढी उघडेपर्यंत सगळे आंबे पिवळे होतात. हाच वायू कांद्याच्या पोटातल्या त्या इवल्या फुलाला मारतो. बाहेरून काही कळत नाही. कांदा टणक, मुळ्या येतात, पानंही येतात, आणि कळीच्या जागी वाळका कागद निघतो. तेव्हा ज्या फ्रीजमध्ये सफरचंद, चिकू, पपई, आंबा, टोमॅटो असतील, तिथं ट्यूलिप नकोत. पालेभाज्यांचा त्रास नाही. घरात जुना छोटा फ्रीज पडून असेल तर काम सोपं. नसेल तर तीन महिने फळं बाहेर ठेवायला घरच्यांना तयार करावं लागतं, आणि माझ्या अनुभवात बागकामातला सगळ्यात अवघड भाग तोच.

"फ्रीझरमध्ये ठेवलं तर लवकर होईल का?" नाही. शून्याखाली पेशींमधल्या पाण्याचा बर्फ होतो आणि कांदा मरतो. कुंडीवर रोज बर्फाचे खडे टाकायचा सल्लाही फिरतो. त्यानं माती तासभर गार होते आणि नंतर नुसती चिखल होते.

आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा: खायचे कांदे नाहीत. ही गंमत नाही. नरगिसचा कांदा विषारी असतो, पोटात गेला तर उलट्या होतात, आणि दिसायला तो आपल्या कांद्यासारखाच. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात डच लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाऊन दिवस काढले, हे खरं आहे. पण ते नाइलाजानं, मधला कोंब काढून. हायसिंथच्या सालीनं हाताला खाज सुटते, म्हणून तो हाताळताना मोजे घाला.

तारखांचं गणित उलटं मांडा

सोलापुरात कुंडी उघड्यावर सुखानं राहील असे आठवडे मोजकेच, डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीअखेरपर्यंत. मुरलेला कांदा लावल्यापासून फूल यायला साधारण चार-पाच आठवडे. म्हणजे १० डिसेंबरच्या आसपास लावला तर फूल संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमारास. (गड्ड्याच्या जत्रेला दारात गड्डे फुललेले, हा विनोद आमच्या घरी आता जुना झाला आहे.)

१० डिसेंबरपासून १४ आठवडे मागं गेलं की ३ सप्टेंबर येतो. निदान १२ धरले तरी १७ सप्टेंबर. म्हणजे गणपतीच्या दिवसांत कांदे फ्रीजमध्ये हवेत. इथं गाडी अडते. हॉलंडमध्ये कांदे जून-जुलैत काढतात, आणि आपल्याकडच्या विक्रेत्यांकडं ते बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोचतात. तेव्हा फ्रीजमध्ये घातले तर बाहेर काढायला जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी उजाडतो. फूल यायच्या वेळी दुपार ३५ कडं निघालेली असते.

म्हणून सोलापूरकरानं विकत घेतानाच विचारायचं: कांदे शीतगृहात मुरवलेले आहेत का, आणि किती आठवडे? उत्तर 'हो, बारा' असेल तर डिसेंबरपर्यंत फ्रीजमध्येच ठेवून मग लावायचे. मुरवलेला कांदा महिनाभर खोलीत ऊबेला ठेवू नका, केलेली कमाई वाया जाते. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही, तर पैसे खिशात राहू द्या.

आकारही विचारा. कांद्याचा घेर १० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बहुधा एकच रुंद पान येईल. १२ आणि त्यावरचे चांगले.

कुंडी नव्हे, माठ समजा

दुसरा प्रश्न उन्हाचा. इथं सोलापूरची एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे: हवा कोरडी. मुंबईच्या दमट हवेत माठातलं पाणी फारसं गार होत नाही, आपल्याकडं होतं, कारण बाहेरच्या अंगावरून पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मातीच्या कुंडीचंही तसंच. न रंगवलेली मातीची कुंडी घ्या, ती दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा आणि वाळू ओली ठेवा. आतली माती बाहेरच्या हवेपेक्षा गार राहते. प्लॅस्टिकची काळी कुंडी गच्चीवर ठेवणं म्हणजे कांदा उकडणं.

आपली काळी माती यासाठी वापरू नका. ज्वारीला ती सोनं आहे, कारण पाणी धरून ठेवते. त्याच गुणानं ट्यूलिपची खालची चकती कुजते. निम्मी लाल माती किंवा पोयटा, उरलेल्यात जाड वाळू आणि कोकोपीट. शेणखत घालायचं कारण नाही, शिदोरी कांद्याच्या पोटात आहे.

लावताना कांद्याची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या कडेकडं करा. पहिलं मोठं पान त्या बाजूनं निघतं आणि बाहेर झुकतं, मधली जागा फुलांना मोकळी राहते. कांदे जवळजवळ लावले तरी चालतं. कुंडी उत्तरेकडच्या व्हरांड्यात ठेवा. कोंब चार बोटं वर आला की सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन द्या, नंतर परत सावली. रात्री उघड्यावर राहू द्या, तीच कमाईची वेळ. नळाला पाणी रोज येत नाही हे कारण इथं चालत नाही. ट्यूलिपला पाणी थोडंच लागतं, पण एकदा कोरडा पडला की कळी आतच सुकते.

फूल आलं की एक मजा बघा. ट्यूलिप उबेत उघडतो आणि गारव्यात मिटतो. पाकळीची आतली बाजू उबेत भराभर वाढते म्हणून. आपल्याकडं दुपारी तो ताटलीसारखा पसरतो. गार प्रदेशात फूल आठवडाभर टिकतं. इथं कुंडी आत गार खोलीत नेली तर चार-पाच दिवस, व्हरांड्यातच राहिली तर दोन-तीन. ज्याला हे पटत नाही त्यानं गुलछडी लावावी, तिची गोष्ट शेवटी आहे.

पुढच्या वर्षी तोच कांदा फुलेल का?

नाही. इथं विक्रेतेही गप्प बसतात, म्हणून स्पष्ट लिहितो. ट्यूलिपचा लावलेला कांदा फुलताना स्वतः संपतो. त्याच्या जागी नवे पिल्ले कांदे तयार होतात, आणि त्यांना पोसायला फूल गेल्यावरही हिरव्या पानांना काही गार आठवडे हवे असतात. आपल्याकडं फेब्रुवारी संपतासंपता पानं पिवळी पडतात. पिल्लं बोराएवढी राहतात. ती पुन्हा फ्रीजमध्ये ठेवून काही मिळत नाही, मी ठेवून पाहिलंय.

यात कमीपणा नाही. हॉलंडमधल्या कॉकेनहॉफ या प्रसिद्ध बागेतही दर शरदात सुमारे ७० लाख कांदे नव्यानं लावतात. संक्रांतीला आणलेली शेवंती आपण पुढच्या वर्षासाठी जपतो का? तसंच हे धरायचं, आणि त्या हिशोबानंच पैसे घालायचे.

"ऑनलाइन बी तर पन्नास रुपयांत मिळतंय"

मिळतं. इंद्रधनुषी रंगाचं, निळं, काळंकुट्ट, हवं ते. ट्यूलिप बियांपासून होतो खरा, पण फूल यायला पाच-सात वर्षं लागतात, तीही दरवर्षी हिवाळा मिळाला तर. खरा निळा ट्यूलिप तर अस्तित्वातच नाही. फोटोतला निळा संगणकावरचा असतो. पाकिटातून उगवतं काय, ते प्रत्येकाचं नशीब. आमच्या गल्लीत एकाकडं मोहरी उगवली होती.

जाता जाता केशराबद्दल. खोलीत केशर पिकवल्याच्या बातम्या येतात, म्हणून लोक दोन्ही एकाच मापानं मोजतात. केशराचा कंद शरद ऋतूत फुलतो. त्याला आधी २३ ते २७ अंशांची ऊब आणि मग १७ च्या आसपास उतरलेलं तापमान हवं असतं. तीन महिन्यांची कडक थंडी तो मागत नाही. गणितच वेगळं.

थंडी न मोजणारे कांदे

कांदा म्हणजे वाईट ऋतू झोपून काढायची युक्ती. मध्य आशियात वाईट ऋतूंत बर्फही येतो, म्हणून तिथले कांदे थंडी मोजतात. जिथं वाईट ऋतू म्हणजे कोरडा उन्हाळा, तिथले कांदे पाण्याची वाट बघतात. आपल्या गच्चीला दुसऱ्या प्रकारचे जास्त जवळचे.

वसंतातल्या फुलांचाच हट्ट असेल तर पांढऱ्या झुपक्यांचा नरगिस आणा, इंग्रजीत पेपरव्हाइट म्हणून विकतात तो. हा भूमध्य समुद्राकडचा, थंडीचा हप्ता मागतच नाही. नोव्हेंबरात खडे भरलेल्या काचेच्या भांड्यात, पाणी तळाला जेमतेम टेकेल असा ठेवला तरी डिसेंबर-जानेवारीत फुलतो. वास इतका उग्र की काही घरांत तो बाहेर काढतात. ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबर-ऑक्टोबरात लावले की अडीच-तीन महिन्यांत फुलतात. अमरिलिस हिवाळ्यात पाणी तोडून वाळवा, उन्हाळ्याच्या तोंडाला तुतारीएवढी फुलं देईल. गुलछडी तर शेतातलंच पीक. मूळची मेक्सिकोची, पण आता हारवाल्याकडं तिच्याशिवाय चालत नाही.

आणि रेन लिली. हिला तर काहीच करावं लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात मी तिच्या कुंड्यांना पाणी देणं जवळजवळ बंद करतो, पानं झडतात, शेजारी विचारतात, "ही मेलेली कुंडी फेकत का नाही?" मग वळवाचा एक जोरदार पाऊस होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी गुलाबी फुलांनी कुंडी भरलेली असते, आणि बाजूच्या ट्यूलिपच्या कुंडीत आता कोथिंबीर आहे.